चौथी ओळ

१३ जानेवारी १९५७

ही वही सामंत मास्तरांनी दिली. हरिश्चंद्र सामंत म्हणजे आमच्या बोर्डाच्या शाळेचे हेडमास्तर, आणि मी कैतान मास्तर, तिसरी-चौथीचा. बावीस वर्षांची आमची गट्टी. दोन महिने मधल्या सुट्टीत मी त्यांचं डोकं खातो आहे. काल ते म्हणाले की तुझ्या पोटातलं सगळं ऐकत बसलो तर माझा डबा रोज भरलेलाच घरी जाईल, तेव्हा लिहून काढ आणि मला निवांत जेवू दे.

खरं तर आग लावली त्यांनीच. दिवाळीच्या सुट्टीआधी मालवणच्या बाजारात वाण्याच्या रद्दीत त्यांना मराठी शुभवर्तमानाचं पुस्तक दिसलं. पहिली काही पानं हळद-जिरं बांधून गिऱ्हाइकांच्या घरी गेलेली. उरलेलं त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाले, "तुमचो देव वाण्याकडसून सोडवन हाडलंय."

आमच्या वाडीत पुस्तक घरी वाचायची रीत नाही. पाद्री वाचतात, आम्ही ऐकतो. मी चव्वेचाळीस वर्षांचा. अठरा वर्षं वाडीचा लादीन, आमची गाऊन म्हणायची प्रार्थना, माझ्या गळ्यावर चालतो आणि तरी मी ते स्वतः कधी वाचलं नव्हतं. आता वाचतो आहे. शाळेतच वाचतो, घरी नेत नाही.

ही वही मात्र घरी ठेवणार. माझ्या बायकोला, आंजेलीनला, अक्षर येत नाही. फळीवर उघडी टाकली तरी गुपित गुपितच राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची.

२ फेब्रुवारी

आज नेमकं लिहायचा प्रयत्न करतो, म्हणजे मलाच कळेल मी कुठे उभा आहे.

पुस्तकातला येशू, आमचा जेजू, दमतो. विहिरीवर बसून परक्या बाईकडे पाणी मागतो. होडीत उशीवर डोकं टेकून झोपतो. मित्र मेला तेव्हा रडतो. कोणी त्याला चांगला म्हटलं तर सांगतो, चांगला एकच, तो देव. शेवटचा दिवस कधी येणार ते आपल्यालाही ठाऊक नाही, बापालाच ठाऊक, असं तो मोकळेपणी कबूल करतो. आणि पकडला जायच्या आधी बागेत जमिनीवर पालथा पडून बापाला विनवतो.

स्वतःसमोर कोणी पालथा पडतं का? मला शिकवलेलं असं की बाप देव, पुत्र देव, पवित्र आत्मा देव, आणि तिघे मिळून एकच देव, त्यालाच त्रैक्य म्हणतात. लहानपणी म्हाताऱ्या पाद्रींना विचारलं तर ते म्हणाले होते, हे रहस्य आहे, डोक्याने नाही, गुडघ्यांनी समजतं. मी गुडघे टेकत आलो. पण पुस्तक वाचताना मला तिथे एकच देव दिसतो, बाप, आणि त्याचा एक मुलगा दिसतो, माणूस, त्याच्यावर पूर्ण भार टाकून जगलेला.

सामंतांना हे सांगितलं तर ते हसले. आमच्याकडे तेहेतीस कोटींचं कुटुंब सुखाने नांदतं आणि तू तिघांवरून भांडतोस, म्हणाले.

मी जेजूला सोडलेलं नाही. हे इथे ठळक लिहून ठेवतो. उलट पूर्वी तो वेदीवर उंच होता, आता शेजारी बाकावर येऊन बसला आहे. मी त्याच्याशी जास्त बोलतो.

१० फेब्रुवारी

इनासाबद्दल लिहिल्याशिवाय कालपरवाचं लिहिणं अर्धं आहे.

आमचा एकच मुलगा. पाच वर्षांचा होऊन गेला. सत्तेचाळीसच्या ऑगस्टात ताप डोक्यात चढला, तीन दिवसांत आटोपलं. आंजेलीन उशाशी होती, तिच्या हाताला कामं होती, पट्ट्या बदलायच्या, पाणी पाजायचं. मी पायथ्याशी बसून होतो. बापाला अशा वेळी काही काम नसतं, नुसतं बघायचं असतं.

आता पुस्तकात जेजूला खुरसावर खिळतात तो भाग वाचतो तेव्हा माझं लक्ष त्याच्या बापाकडे जातं. तिथेही एक बाप पायथ्याशी बसून बघतो आहे. मला दहा वर्षांत एवढा धीर कोणी दिला नव्हता. पण बाप आणि मुलगा जर एकच, तर त्या दिवशी कोणी कोणाला गमावलं? मग माझ्यासारखं तिथे कोणीच नव्हतं म्हणायचं. ते मला सोसत नाही. त्रैक्याशी माझं भांडण पंडिताचं नाही, ते हे आहे.

इनास चर्चच्या दफनभूमीत पूर्वेच्या भिंतीलगत आहे. त्याच्या बाजूची दोघांपुरती जागा म्हाताऱ्या पाद्रींनी आमच्यासाठी ठेवली आहे. दर रविवारी आंजेलीन तिथलं गवत काढते, त्याचंही आणि आमच्या रिकाम्या जागेवरचंही. मी जे मानतो ते बाहेर पडलं तर त्या भिंतीच्या आत मला माती मिळणार नाही. तिला मिळेल, पोराला आहेच, मी एकटा बाहेर. मुख्य भीती ही आहे. आणि तिला कळल्यावर तिच्या चेहऱ्याचं काय होईल ही दुसरी, म्हणजे खरं तर पहिली.

१७ मार्च

आज धीर करून कुमसाराला, पापं कबूल करायला, गेलो. जाळीपलीकडे तोंड नेऊन पाद्रींच्या कानात सगळं सांगितलं, बाप, पुत्र, विहीर, होडी, सगळं. घामाने सदरा भिजला. ऐकून पाद्री म्हणाले, मालवणच्या बाजारात नुसत्या बघण्याने पाप होत नाही, तीन नमन मारिया म्हण आणि जा.

दोन वर्षांत ते ठार बहिरे झाले आहेत, आमच्या लक्षात कसं आलं नाही. तीन नमन मारिया म्हटल्या आणि आलो.

५ मे

लादीन सुरू झाले. पुढे कधी सामंतांनी वही वाचली तर त्यांना कळावं म्हणून लिहितो. मे महिन्यात आमच्या वाडीत रोज संध्याकाळी एका घरी नाहीतर खुरसापुढे माणसं जमतात. मी फिडल वाजवत एकेक ओळ म्हणतो आणि माणसं उत्तर देतात, आमच्यावर दया कर. पुढे मारियाची नावं लागतात, मग आमच्यासाठी विनंती कर. सगळं लॅटिनमध्ये. अर्थ मला येतो, कारण लहानपणी पाद्रींच्या हाताखाली शिकलो. बाकीच्यांना चाल येते. शेवटी उकडलेले चणे, आणि दारूबंदी असल्यामुळे ज्याला लागेल त्याला माजघरात औषध.

सुरुवातीला चार ओळी आहेत. पहिलीत बापाला देव म्हणतात. दुसरीत पुत्राला, तिसरीत आत्म्याला. चौथीत तिघांना मिळून एक देव म्हणतात. पहिली मी आज छाती भरून म्हटली. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतला शेवटचा एक शब्द, ‘देव’, गजाच्या आवाजात गिळला. चौथी जिभेवर आली आणि थांबली. ती म्हटली असती तर अठरा वर्षांची सवय होती, कोणी मेलं नसतं. पण मी शाळेत पोरांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं करतो.

मी ओळ गाळली आणि तेवढ्या जागेत नुसती फिडल वाजवली. माणसांनी सवयीने फिडलला उत्तर दिलं, आमच्यावर दया कर. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

एकच बारीकसं बिनसलं. आंजेलीन बायकांच्या रांगेत पुढे उभी होती, तिचा आवाज मधेच एकटा वर आला. तिला सूर आहे पण ताल सुटतो.

१२ मे

आठ लादीन झाले, आठही वेळा ओळ गाळली. सरावाने आता गज तिथे आपोआप लांबतो.

आंजेलीनचं मात्र काही कळत नाही. नेमकी त्याच जागी ती मोठ्याने गाऊ लागते, तेही माझी ओळ. उत्तर द्यायचं सोडून. घरी येताना तिला म्हटलं की तू जरा मागे उभी राहा, बायकांचा आवाज फार पुढे येतो. ती बरं म्हणाली. आज बघतो तर आणखी एक पाऊल पुढे.

बस्त्याव दुसऱ्या सुरात गातो. माझ्यानंतर लादीन आपल्याकडे यावा असं त्याला मनापासून वाटतं, त्यात वाईट काही नाही. तो चणे खाताना म्हणाला, "मास्तर, तुमची बायल तुमच्याआधी सरगार पोचतली." सगळे हसले. मीही हसलो.

१९ मे

आज लादीन संपल्यावर आंजेलीनने चारचौघांत मला आल्याचा काढा आणून दिला. मला खोकला नाही, पडसं नाही. बस्त्यावने विचारलं तर ती म्हणाली, "मास्तरांचो गळो हल्ली सुरवातीक धरता. म्हणान मी आधार देतंय."

माझा गळा चांगला खणखणीत आहे. पण काढा प्यालो. बायकोने दिलेलं चारचौघांत परत करायचं नसतं. ती बिचारी माझ्या तब्येतीची काळजी करते आणि मी तिच्यापासून केवढं लपवतो आहे, याची आज फार लाज वाटली. तिचं सगळं आयुष्य या प्रार्थनांवर उभं आहे. तिला माझं म्हणणं समजायचं नाही, नुसती मोडून पडेल.

३१ मे

सत्तावीस लादीन पार पडले. बस्त्यावच्या घरचे चणे खारट होते.

८ डिसेंबर

बरेच महिने लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. म्हातारे पाद्री आजारी होऊन गेले आणि बेळगावहून नवे आले. तिशीचे असतील. मराठी स्वच्छ बोलतात, सायकलने फिरतात, घरोघर जाऊन माणसांची नावं पाठ करतात. त्यांना ऐकू उत्तम येतं.

जेवताना आम्ही बाप, पुत्र, आत्मा यांची नावं घेत कपाळ, छाती, खांदे असा खुरीस काढतो. आज आंजेलीन सहज म्हणाली की तुमचो आवाज आता ‘बापाच्या नावान’ इतकोच येता. मी म्हटलं, घास थंड होतो म्हणून घाई. तिने भाकरी वाढली.

४ मे १९५८

आज सुतारांच्या घरी लादीन. नवे पाद्री न सांगता आले आणि दाराशी उभे राहिले. मला वाटलं गाळू नये. मग वाटलं, वर्षभर जे देवासमोर केलं ते पाद्रीसमोर का नको. गाळली. आंजेलीन तिथे इतक्या जोरात गायली की सुतारांचं तान्हं पोर जागं झालं.

पाद्रींना लॅटिन येतं. हे आधी माझ्या ध्यानात का आलं नाही. त्यांनी चणे खाल्ले, सगळ्यांशी बोलले, माझ्याशी नाही.

१३ मे

पाद्रींनी बोलावलं. बस्त्यावने काही सांगितलं असेल अशी मला शंका होती, पण त्यांनी स्पष्टच सांगितलं की कोणी काही बोललेलं नाही, मी चार ओळी मोजू शकतो.

माणूस सरळ आहे. रागावला नाही. काय मानता ते विचारलं, मी सांगितलं. तासभर बोललो. त्यांनी योहानाचं सुरुवातीचं वचन, शब्द देव होता, पुढे केलं, मी बागेतलं केलं. शेवटी ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही विचार केला आहे हे मला दिसतं. पण लोकांच्या वतीने तुम्ही ओळ म्हणता. लोकांची ओळ तुम्हाला खिशात ठेवता येणार नाही."

त्यांचं बरोबरच आहे.

एक जूनला त्रैक्याचा सण. त्या दिवशी चर्चमध्ये लादीन मी म्हणायचा, ते शेजारी उभे राहणार. चारी ओळी पुऱ्या म्हटल्या तर आजपर्यंतचं त्यांनी ऐकलंच नाही असं ते धरतील. नाही म्हटल्या तर लादीन गेला, सांक्रामेंत, म्हणजे वेदीवरचा प्रसाद, बंद. मी दफनभूमीचं विचारलं. ते म्हणाले, आतल्या मातीचं वचन मी देऊ शकणार नाही.

१६ मे

सामंतांचं मत, म्हणून टाक. तोंडाने म्हण, मनात नको. एका ओळीसाठी पोराशेजारची जागा घालवणारा तू शहाणा की खुळा. मी म्हटलं, तुम्ही हे चौथीच्या वर्गात फळ्यावर लिहाल का? डब्यातली अर्धी पोळी त्यांनी माझ्याकडे सरकवली.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. झोप नाही, जेवण नाही. इनासाच्या बाजूला गवत आता उन्हाने पिवळं झालं आहे.

२५ मे

आज ठरवलं होतं की म्हणून टाकायची. फिडल काढून घरात एकटा असताना चौथी ओळ म्हणून पाहिली. शब्द सगळे आले. पण ऐकताना दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज वाटला. मी फिडल पुसून ठेवली.

२८ मे

आज आंजेलीनला सांगितलं. दुपारी ती अंगणात कोकमं फोडून सालं वाळत घालत होती, दोन्ही हात मनगटापर्यंत लाल. मी समोर बसलो आणि म्हटलं की तुला एक सांगायचं आहे, ते ऐकून तुला त्रास होईल.

ती म्हणाली, "माका ठावक आसा."

काय ठाऊक आहे, मी विचारलं.

"तुमी चौथी वळ गाळतास ता. गेल्या वर्साच्या पयल्या लादीनापासून." तिने कोकमाच्या बिया बाजूला सारल्या. "तुमी गाळतास थंय मी म्हणतंय. लादीन अर्धो ठेवचो नाय, आवशीन शिकवल्यान माका. घराचो लादीन देवाक पुरो पोचता. कोणी खयची वळ म्हटली ता तो बघित नाय."

मी गाढवासारखा बसून राहिलो. वर्षभर मी तिच्या तालाच्या चुका काढत होतो.

मग विचारलं, कारणही ठाऊक आहे? तर म्हणाली की अक्षर येत नसलं तरी डोळे आहेत. जेवताना खुरीस अर्धा व्हायला लागला तेव्हाच तिला कळलं. आणि सामंत मास्तर दर भेटीला तिच्याकडे कसे चोरट्यासारखे बघतात, तेही तिने पाहिलं होतं. इथवर तिचा आवाज साधा होता. पुढे मात्र तिने हातातलं फळ खाली ठेवलं.

"सामंत मास्तरांक सांगलास. माका नाय सांगलास."

मी म्हटलं, तुला दुःख झालं असतं.

"झाला असता. म्हणान काय झाला? इनास गेलो तेवा दुक्ख नाय झाला? दोघांनी मिळान धरला ता." आणि ती रडली. लाल हात डोळ्यांना लावता येत नव्हते, म्हणून खांद्याला गाल पुसत होती. मी माझ्या धोतराच्या सोग्याने तिचे डोळे पुसले. इनासाच्या वेळीही मी हे केलं नव्हतं.

मग मी तिला सगळं सांगितलं. पुस्तक, विहीर, होडी. पायथ्याशी बसलेला बाप. कोणी कोणाला गमावलं ते. तिथे आल्यावर माझंच गाडं अडलं. ती म्हणाली, "ह्या माका आधी सांगूक होया होता." पुढे तिने स्पष्ट केलं की तिचा जेजू देवच आहे आणि ते ती सोडणार नाही, माझ्यासाठीसुद्धा नाही. मी म्हटलं, सोडू नकोस.

रविवारचं विचारलं. मी म्हटलं, तू सांगशील तसं करतो, तू म्हणालीस तर ओळ म्हणतो.

"नको. तुमी खोटा बोललास काय तुमचो सूर उतरता. माका ऐकवत नाय."

दफनभूमीचं मात्र दोघांनीही काढलं नाही. उरलेली कोकमं दोघांनी मिळून फोडली. माझेही हात लाल झाले आहेत, वहीला डाग पडतो आहे.

३१ मे

आंजेलीन सकाळी चर्च झाडायला म्हणून गेली ती दुपारी आली. एवढा वेळ का लागला विचारलं तर म्हणाली, सणाचं झाडणं जास्त असतं.

१ जून

चर्च भरलेलं. पाद्री माझ्या डाव्या हाताला. पहिली ओळ मी म्हटली, आजवर म्हटली नसेल इतकी मनापासून. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द मी आज गिळला नाही, गज उचलून उघड सोडला. चौथीला मी फिडल खाली घेतली. लपवायला सूरही ठेवला नाही. गेल्या वर्षापासून करत होतो ते चोरून होतं, आज तसं नको होतं.

बस्त्याव माझ्याकडे बघत होता. त्याला संधी होती, ओळ त्याला पाठ आहे. त्याने मान खाली घातली आणि तोंड उघडलं नाही. त्याचे मी आयुष्यभर उपकार मानीन.

मग बायकांच्या बाजूने आंजेलीन एकटी गायली. ना फिडल, ना दुसरा सूर. तिचा ताल कुठेही सुटला नाही. सगळ्या चर्चने उत्तर दिलं. मी फिडल उचलली आणि मारियाची नावं सुरू केली.

३ जून

पाद्रींचा निर्णय. लादीन मी म्हणायचा नाही. सांक्रामेंत नाही. दफनभूमीचं ते वर लिहून विचारतील, पण आशा लावू नका म्हणाले. मी हे सगळं ऐकायला तयार होतो. पुढचं नव्हतं. ते म्हणाले, फिडल वाजवायला माझी हरकत नाही, ती काही बोलत नाही. आणि ओळी कोणी म्हणायच्या, विचारलं तर म्हणाले, चर्चने परवा ऐकलंच आहे.

वाडीत बाईने लादीन चालवल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. बस्त्यावला आधी वाईट वाटलं. मग दुसऱ्या सुराला आंजेलीनची पट्टी कशी जमवायची हे विचारायला तो घरी आला आणि दोन वाट्या पेज प्याला.

सामंत म्हणतात, तुझं भांडण तिघांशी होतं, आता चौघांशी झालं, घरात पाद्रीण आली.

३१ जुलै

आज इनासाच्या नावाच्या संताचा दिवस. दर वर्षी आमच्या घरी लादीन असतो. पाऊस होता तरी ओटी माणसांनी भरली. पाद्रीही सायकल ढकलत आले.

आंजेलीन खुरसापुढे उभी, मी तिच्या बाजूला स्टुलावर. तिने पहिली ओळ म्हटली, मी वाजवली. दुसरी, तिसरी वाजवली आणि शेवटच्या शब्दाला गज उचलला. चौथीच्या आधी ती थांबली. चुकून नाही, माझ्या हाताकडे बघत थांबली, मी गज तारांवरून नीट बाजूला घेईपर्यंत. मग तिने ओळ म्हटली, पूर्ण विश्वासाने, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. आमच्यावर दया कर, हे मी सगळ्यांबरोबर म्हटलं.

चणे वाटणं सुरू झालं तेव्हा पाद्रींना छत्री द्यायला मी पडवीत गेलो. मी त्यांना विचारलं की माझ्यासारख्याला तुम्ही फिडल तरी का ठेवू दिलीत. ते म्हणाले, सणाच्या आदल्या दिवशी तुमची बायको माझ्याकडे आली होती. मी म्हटलं, हो, झाडायला. ते म्हणाले, झाडायला नाही. मला वाटलं तुमच्यासाठी जागा मागायला आली आहे. ती स्वतःची सोडायला आली होती.

त्यांनी सांगितलं ते असं. तिने विचारलं की मास्तरांना आत घेतलं नाही तर कुठे ठेवाल. ते म्हणाले, भिंतीबाहेर. ती म्हणाली, मग माझं नावही तिथेच लिहून घ्या. पाद्रींनी तिला समजावलं की तुझी काही चूक नाही, तुझी जागा आत आहे. ती ऐकेना. तेव्हा त्यांनी विचारलं, आणि मुलगा? तो आत एकटा राहील.

पाद्री मालवणी बोलत नाहीत, पण तिचं वाक्य त्यांनी तिच्याच शब्दांत सांगितलं.

"भिंत कमरेइतकीच आसा, पाद्री. माझो झील झाडार चढणारो. उडी मारून येयत."

पाद्री पावसात निघून गेले. मी आत आलो. आंजेलीन वाकून ओळीने चणे वाढत होती, पदर खोचलेला, केस सुटलेले. मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि तिला माझ्या स्टुलावर बसायला सांगितलं. लग्नाला एकवीस वर्षं झाली, चारचौघांत असं मी कधी केलं नव्हतं. तिने कारण विचारलं नाही. ती बसली, आणि मी तिला आधी वाढलं.